क्लचचा पाय

माझ्या सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली आणि एकही अपघात केला नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो माणूस डोणगावचा नव्हेच. मला तर ते लग्नाआधीच कळलं होतं. मला बघायला आले तेव्हा मुलाची माहिती पाच मिनिटांत संपली आणि उरलेला अर्धा तास मेहकर डेपोवर गेला. अशा माणसाने एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी पोस्टात जाऊन पहिला अपघात केला, आणि दुपारी भाकरी मोडता मोडता तो आम्हाला मोठ्या खुशीत सांगितला.

"तुही नोकरी पक्की करून आलो बे," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले आणि खिशातून स्पीड पोस्टाची पावती काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

माझा नवरा संघपाल. फौजेत नायक आहे, अकरा वर्षं झाली. वीस दिवसांच्या सुट्टीवर आला होता. पावतीवर त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचा पत्ता होता. त्याने ती उचलली, वाचली आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

"काय पाठवलं, बाबा?"

"फिट सर्टिफिकेट. आपल्या जुन्या डॉक्टरचं. अन् संग माह्या अर्ज."

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते; ते ड्रायव्हर माणूस, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवणारे. त्यांनी उठून फाइल आणली आणि मला वाचायला दिली. मी ब्लाउज शिवते, अर्ज वाचणं हे काही माझं काम नाही, पण तो अर्ज अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. माझा मुलगा संघपाल जानराव पूर्णपणे तंदुरुस्त असून त्यास कोणताही आजार नाही. तो चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोन तास पायी चालला आहे, सोबत फोटो जोडला आहे. तरी त्यास कामावरून कमी करू नये ही विनंती. खाली त्यांची सही, ठळक, बिल्ला नंबरासकट.

"परवा तू फोनवर बोलत होता, तवा ऐकलं मी," ते सांगत होते. "बोर्ड का काय ते तुले काहाडून टाकते म्हने. काऊन काहाडते? कागद नाही म्हनून काहाडते. एसटीत बी तसंच होतं. मानूस कितीबी ठणठणीत असो, दुखण्याच्या रजेवरून आल्यावर फिट सर्टिफिकेट नसलं त मॅनेजर ड्युटी देत नव्हता. तुले कोनी हे सांगतलंच नसन."

त्यांना वाटलं होतं, त्याला काढताहेत. खरं म्हणजे तो स्वतःच बाहेर पडायला बघत होता, आणि ही गोष्ट घरात त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होती.

दोन वर्षांपूर्वी वर बर्फात, चौकीकडे जाताना संघपाल घसरून खडकावर पडला. पाठीतली नस दबली. ऑपरेशन झालं, अडीच महिने पलंगावर काढले, पण डाव्या पायातला जोर परत आला नाही. तेव्हापासून त्याला स्टोअरमध्ये बसवून ठेवलं होतं. तिथला एक सुभेदार येता जाता म्हणायचा, की हा पाय परेडच्या वेळी दुखतो आणि सुट्टीत बरा होतो. चार मे रोजी तीन डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड बसणार होतं. बोर्डाने अनफिट ठरवलं तर तो इज्जतीने घरी येणार होता, पेन्शन आणि पुढच्या उपचाराचा हक्क घेऊन. फिट ठरवलं तर त्याची पलटण जूनमध्ये पुन्हा वर जाणार होती, त्याच चौकीवर, आणि त्यालाही जावं लागणार होतं.

एकदा मी त्याला विचारलं होतं, की तुम्हाला जीवाची भीती वाटते का. तो म्हणाला, "वर आम्ही चौघं एका दोरीवर असतो. एक घसरला तर बाकीचे तीन पाय रोवून त्याले धरतात. माह्या पाय रोवल्या जात नाही, मनाली. मी नाही मरनार, दुसरं कोनी मरन." त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आणि मामाजींना हे का सांगितलं नाही, तर ते जानराव आहेत म्हणून. तरुणपणी ते स्वतः भरतीला गेले होते, छाती अर्ध्या इंचाने कमी पडली. मुलगा भरती झाला तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले. "फौजी कसा हाय?" असं कोणी विचारलं, की त्यांची मान ताठ होते. संघपाल त्यांच्यासमोर लंगडत नाही. घरात आला की ओठ दाबून सरळ चालतो. जयंतीला तो मिरवणुकीच्या पुढे पंचशील ध्वज घेऊन दोन तास चालला, कमरेला पट्टा आवळून आणि तीन गोळ्या खाऊन. नंतर तीन दिवस पडून होता. ऊन लागलं, असं आम्ही सांगितलं. मीही सांगितलं. त्यामुळे आता सगळा दोष मामाजींवर ढकलायला माझीही जीभ वळत नव्हती.

"बाबा, ते परत आनावं लागते," संघपाल म्हणाला.

"काऊन?"

मी वाट पाहिली. आता तरी हा बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "कागद चुकीचा हाय."

"चुकीचा कसा? अठ्ठावीस वर्षं आम्ही त्याच डॉक्टरचा कागद देऊन राह्यलो."

संघपाल हात धुऊन बाहेर पडला. मला इतका राग आला, की ताट तसंच टाकून मी स्कूटीची चावी घेतली. बाप न विचारता पत्र टाकतो आणि लेक विचारलं तरी सांगत नाही. एकाच मातीचे दोघे. वाटेत मी त्याला मागे बसवलं. तो बसताना डावा पाय हाताने उचलून ठेवत होता.

"दुसरं पत्र पाठवू," मी म्हटलं. "पहिलं चुकून गेलं म्हणून कळवू."

"बाप लिहिते पोरगा चांगला हाय, अन् पोरगा लिहिते बाप खोटं बोलते," तो म्हणाला. "फोटो बी हाय त्यात. तू बोर्डावर असती त कोनाचं खरं मानलं असतं?"

मी स्कूटीचा वेग वाढवला. दोनला दहा मिनिटं होती.

पोस्टाच्या ओट्यावर निराधार योजनेचा पगार घ्यायला आणि पासबुक भरायला आलेल्या आठ-दहा जणांची गर्दी होती. खिडकीत सुवर्णा मॅडम. त्या चिखलीहून रोज बसने ये-जा करतात, माझ्याकडून दोन ब्लाउज शिवून नेलेत, म्हणून मला वाटलं काम चटकन होईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पावतीही पाहिली.

"परत मिळतं," त्या म्हणाल्या. "बॅग जाईपर्यंत पत्र पाठवणाऱ्याचंच असतं. पण अर्ज त्यांनीच द्यायचा. स्वतःच्या अक्षरात, पाकिटावर लिहिलाय तसाच पत्ता लिहून, पावती जोडून."

"मी त्यायचा मुलगाच हाय," संघपाल म्हणाला. "पत्रात माह्यंच नाव हाय."

"असू द्या. तुमच्या नावाचं असलं तरी तुमचं नाही. जानरावकाकांनी टाकलं, त्यांनाच परत मिळेल. पावणेतीनला मी बॅग बंद करते आणि तीनला गाडी येते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

मी संघपालला तिथेच पायरीवर बसवलं आणि एकटी परत आले. मामाजी पंख्याखाली आडवे झाले होते. माझ्या सासूबाई तानाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. मी जरा धापा टाकतच सांगितलं, की पत्र परत घ्यायला तुम्हीच पाहिजे, लगेच चला.

"मी काही चोरी केली नाही," ते पडल्या पडल्या म्हणाले. "परत काऊन घेऊ?"

मग माझाच संयम सुटला. सून म्हणून दहा वर्षांत जे बोलले नाही ते मी त्या एका मिनिटात बोलले. त्यांना कोणी काढत नाही मामाजी, ते स्वतःच बोर्ड मागताहेत. त्यांचा पाय गेलाय. तुमच्यासमोर ते नाटक करतात, आणि त्या नाटकाचा फोटो तुम्ही साहेबाला पाठवलाय.

ते उठून बसले. चेहरा आधी पडला, मग कडक झाला.

"म्हंजे तोच सोडून राह्यला. पळून येऊन राह्यला."

"मामाजी..."

"साऱ्या गावाले मी सांगतो माह्या पोरगा सुभेदार होते. अन् याले घर आठवून राह्यलं."

गहू निवडायचा आवाज थांबला. आत्याबाई सहसा मध्ये पडत नाहीत. त्या वर न बघता बोलल्या, "तुमचं जेवन झालं का तुम्ही वडाच्या पारावर जाता. तेवढ्या वेळात मी रोज त्याच्या पायाले तेल लावतो. बोटं जाळली तरी समजनार नाही त्याले. जाऊन पाहा एकदाचं, मंग बोला."

मामाजी माझ्याकडे वळले. "साऱ्यायले माहीत हाय? एक मलेच नाही?"

"तुम्हालेच सांगाची भीती वाटते त्याले," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी शर्ट घातला. पायात चपला अडकवल्या. घड्याळात दोन सदतीस झाले होते. माझ्या मागे स्कूटीवर बसल्यावर ते एरवी मला गिअर नसलेल्या गाडीवरही दहा सूचना देतात. त्या दिवशी एक शब्द नाही. बस स्टँडजवळ एक ट्रॉली आडवी लागली होती, ती हलेपर्यंत मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सुवर्णा मॅडम बॅगेच्या तोंडाला सुतळी बांधत होत्या. दोन बावन्न. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवला.

"काका, लवकर. कोरा कागद हा घ्या."

मामाजींनी कागद घेतला नाही. ते ओट्यावरून खाली पायरीकडे वळले, जिथे संघपाल बसला होता. बापाला बघून तो उठायला लागला, सवयीने, सरळ.

"बस," मामाजी म्हणाले. "जोडा काहाड. डावा."

"बाबा, आधी सही करा. गाडी येईन."

"न पाहता एक सही केली सकाळी. दुसरी नाही करत. काहाड."

संघपालने जोडा काढला. त्या जोड्याचं टोक घासून पांढरं पडलं होतं. पॅन्टचा डावा काठ मी चार वेळा दुमडून शिवला होता. मामाजी त्याच्यासमोर खाली उकिडवे बसले. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे कडकड वाजले. त्यांनी आपला उजवा तळहात उभा धरला आणि मुलाचा तळपाय त्यावर टेकवला.

"क्लच दाब."

ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. यात कोणाला काही सांगायची गरज नव्हती. मामाजींनी याच पोराला बाराव्या वर्षी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर क्लच शिकवला होता, आणि पुढे डेपोत नवे ड्रायव्हर आले की त्यांचा पाय ते असाच हातावर घेऊन बघायचे, असं ते स्वतःच आम्हाला हज्जारदा सांगत.

"दाब ना बे."

"दाबून राह्यलो, बाबा."

तळहात जिथल्या तिथे होता. संघपालच्या कपाळावर घाम आला, मांडी थरथरायला लागली, आणि तो पाय त्या हातावर नुसता ठेवलेला राहिला. मामाजींनी तो पाय खाली ठेवला.

"आता ब्रेकचा. उजवा."

उजवा पाय टेकवला आणि त्याने दाबला, तसे मामाजी मागे ढकलले जाऊन जवळजवळ पडलेच. त्यांनी एका हाताने जमीन धरली, परत सावरून बसले आणि पुन्हा डावा पाय हातावर घेतला. या वेळी दाब म्हणाले नाहीत. अंगठा चिमटीत धरून दाबला, नखाचा रंग जाईपर्यंत.

"लागते?"

"नाही."

रस्त्याच्या टोकाला टपालाची लाल गाडी दिसली. मी मामाजींच्या खांद्याला हात लावला, पण मला ढकलायचा धीर झाला नाही.

"वर डोंगरात तुह्या भरोशावर किती मानसं असतात?" त्यांनी विचारलं.

"तीन. एका दोरीवर."

"माह्या मागं पंचावन्न असायचे," मामाजी म्हणाले. "या पायावर तुले मी डेपोतून गाडी बाहेर काहाडू देली नसती."

मग त्यांनी तो जोडा उचलला, मुलाच्या पायात घातला, आणि लेस बांधली. घाई असतानाही नीट, दुहेरी गाठ मारून. उठताना माझा हात धरला.

गाडी ओट्याला लागली होती. ड्रायव्हर खाली उतरून बॅग मागत होता आणि मेहकरला उशीर होतो म्हणून कुरकुरत होता. मामाजींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "जानराव. मेहकर डेपो. दोन मिनटं थांबशीन." तो पोरगेलासा ड्रायव्हर काय समजला कोण जाणे, पण थांबला.

खिडकीच्या लाकडावर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर ठळक, एकेक वेलांटी पुरी करत. मला ओरडावंसं वाटत होतं. पत्ता झाला, पावतीचा नंबर झाला, सही झाली, आणि मग ते सहीच्या वर उरलेल्या जागेत पुन्हा लिहायला लागले.

"काका, कारण लागत नाही," सुवर्णा मॅडम म्हणाल्या. "नुसती सही पुरते."

"मले लागते."

त्यांनी काय लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मुलाचा पाय न तपासता तो फिट असल्याचे लिहून दिले होते. आज तपासला. तो अनफिट आहे. चूक माझी आहे.

मॅडमनी अर्ज वाचला. सुतळी कापली, बॅग टेबलावर उपडी केली आणि पाकिटं चाळली. एक, दोन, पाच, नऊ. मला तेव्हा वाटलं की ते पाकीट त्यात नाहीच. मग बाराव्या की तेराव्या पाकिटावर ते ठळक अक्षर दिसलं. मामाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं. गाडी बॅग घेऊन निघून गेली तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. ते सुटकेचं होतं, पण त्यात दोघांवरचा रागही भरपूर होता.

"दोघं बसा स्कूटीवर," मी डोळे पुसून म्हटलं. "मी चालत येते."

"तू गाडी घेऊन चाल," मामाजी म्हणाले. "आम्ही पायी येतो."

"ऊन बघा किती आहे. त्यांना चालवत नाही."

"हाव. माहीत हाय आता."

बस स्टँडवरून जायचं म्हणजे सगळ्या गावातून जायचं. मी स्कूटी हातात धरून मागे मागे निघाले. पहिली वीस पावलं संघपाल तसाच चालला, ओठ दाबून, ताठ, बापाच्या शेजारी. चहाच्या टपरीवरून माणिकरावांनी हात वर केला. "जय भीम, फौजी." संघपालची पाठ आणखी सरळ झाली.

मामाजी थांबले. त्यांनी मुलाचा हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला.

"सरळ नको चालू," ते म्हणाले. "पाय जसा पडते तसा पडू दे."

"बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे." मग टपरीकडे वळून, बसच्या गर्दीवरून ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले, "जय भीम, माणिकराव. पोराच्या पायातला जोर गेला. चार तारखेले बोर्ड हाय त्याचं. मी जाऊन राह्यलो संग."

माणिकराव गाळणी हातात घेऊन उभेच राहिले. बाकावरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. संघपालने खाली मान घातली, आणि एक श्वास सोडून त्याने तो पाय ढिला सोडला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो बापासमोर लंगडला. डाव्या जोड्याचं टोक डांबरावर खरडत जायला लागलं, पावलागणिक, चांगलं मोठ्याने. जुन्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसे मामाजी मान तिरपी करून तो आवाज ऐकत चालले होते, आणि तो जिथे थांबेल तिथे थांबत होते.